अमर नायकाचं शहाणपण पानावर कसं उतरवायचं

कॉमिक्समध्ये अमर नायक आणणं सोपं आहे, पण त्याचं वय वाचकाला पटवणं अवघड. चेहऱ्यावर सुरकुती नाही, केस काळेभोर, अंगात बळ पंचविशीचं. मग हा माणूस शेकडो वर्षं जगलाय हे कळणार कशावरून? नवखे लेखक इथे बहुतेक एकच वाट धरतात. नायक उंच कड्यावर उभा राहून काळाच्या ओघाबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि पुढच्याच पानावर विशीतल्या पोरासारखा चिडून खलनायकाच्या सापळ्यात उडी मारतो. वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

शहाणपण निर्णयांत दिसतं. नायक आधी कुठे बघतो, काय करायचं टाळतो, कशाची वाट बघतो, आणि स्वतःच्या वयामुळेच कुठे चुकतो, हे सगळं चित्रांत आणायचं आहे. लेखभर एकच उदाहरण धरू: एक नायिका, जन्म साधारण 1120 सालचा, म्हणजे आज वय नऊशेच्या आसपास. दिसते पंचवीस वर्षांची.

पायरी 1 : अमरत्व कोणत्या जातीचं ते आधी ठरवा

वय आणि अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं. वेताळ (मूळ इंग्रजीत फँटम) 1936 साली वृत्तपत्रांतल्या चित्रपट्टीत आला. तिथे अमरत्व ही खरं तर लोकांत पसरलेली समजूत आहे. मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो आणि अनुभव साठतो तो पूर्वजांनी लिहिलेल्या बखरींत. अशा नायकाचं शहाणपण वाचून आलेलं असतं, त्यामुळे पुस्तकी ज्ञान आणि स्वतःची छाती यांतला फरक हाच त्याच्या गोष्टीचा गाभा होतो. दुसऱ्या महायुद्धात बर्फात गोठलेला सैनिक कॅप्टन अमेरिका 1964 मध्ये बाहेर आला, पण मधली वर्षं तो जगलेलाच नाही. जन्मसाल जुनं असलं तरी अनुभव तरुण सैनिकाचाच. 1941 ची वंडर वुमन जगापासून तुटलेल्या बेटावरून आली. तिच्या लोकांना युद्धकला अवगत आहे, पण बाहेरच्या जगाचा व्यवहार ठाऊक नाही.

आणि अश्वत्थामा आहेच. चिरंजीव असूनही त्याला कोणी शहाणा म्हणत नाही. त्याच्या वाट्याला आली ती फक्त न भरणारी जखम आणि भटकंती. लांब आयुष्य माणसाला आपोआप सुज्ञ करत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मग नायिका शहाणी झाली असेल तर ती कशामुळे, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. ती म्हातारी होत नाही की मरतच नाही? जखमा भरतात का, आणि दुखतात का? ती सलग जगली की मध्ये झोपली, गोठली, कैदेत पडली? तिला स्वतःच्या अमरत्वाची खात्री आहे, की आजवर मेली नाही एवढंच ठाऊक आहे? शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेक लेखक बघतही नाहीत. ज्याला खात्री नाही तो दर वेळी खरोखर जीव धोक्यात घालतो, आणि त्याचं धाडस वाचकाला भिडतं.

पायरी 2 : वयाचा हिशेब करा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. नऊशे वर्षांत पंचवीस वर्षांची एक याप्रमाणे 36 पिढ्या होतात. नायिकेने चाळीस वर्षं कुणाबरोबर संसार केला असेल, तर तो काळ तिच्या आयुष्याच्या साडेचार टक्क्यांहूनही थोडा कमी भरतो. तीस वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात एवढाच वाटा सुमारे सोळा महिन्यांचा असतो. दुसऱ्या माणसाचा अख्खा संसार तिच्यासाठी दीड वर्षाहून कमी भरतो. तरीही तिने तो मनापासून जगावा, असं तुम्हाला दाखवायचं असेल तर त्यासाठी वेगळे प्रसंग लागतील. हा आकडा भिंतीवर लावून ठेवा.

आता नऊशे वर्षांचे सहा ते आठ खंड पाडा, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक खंडापुढे सहाच गोष्टी लिहा: कुठे राहिली, नाव काय लावलं, पोट कशावर भरलं, कोणती भाषा बोलली, कोण एक माणूस जवळचं होतं, आणि काय एक हरली. हरलेली गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते, कारण आजचा तिचा निर्णय सहसा तिथूनच येतो. एक खंड मुद्दाम कोरा सोडा. त्या काळातलं तिलाच नीट आठवत नाही.

तारखा लिहिताना जपा. इ. स. पूर्व 1 नंतर थेट इ. स. 1 येतं, मध्ये शून्य साल नाही. ग्रेगोरियन पंचांग आलं तेव्हा 4 ऑक्टोबर 1582 च्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनने हा बदल 1752 मध्ये केला आणि तिथे 2 सप्टेंबरनंतर 14 तारीख आली. नायिकेने ‘माझा वाढदिवस अमुक तारखेला’ असं ठासून सांगितलं की जाणकार वाचक हसतो. तिने तारीख सांगताना जरा थांबावं, किंवा ऋतू सांगावा.

पायरी 3 : विसरणं आखून ठेवा

अमर नायकाला सगळं आठवतं हे गृहीत धरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. साधा हिशेब बघा. नऊशे वर्षांचे 3,28,725 दिवस होतात. रोज एक ओळ लिहिली, पानावर 25 ओळी आणि वहीला 300 पानं धरली, तरी जवळपास 44 वह्या भरतात. दिवसाला फक्त एक ओळ लिहून!

स्मृतीबद्दल जे माहीत आहे ते लेखकाच्या फार कामाचं आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 साली निरर्थक अक्षरगट पाठ करून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो. वयस्क माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, असंही वारंवार आढळलं आहे. म्हणजे आपल्या नायिकेला 1140 च्या सुमाराचा एखादा दिवस लख्ख आठवेल आणि सतराव्या शतकातली साठ वर्षं धुक्यात असतील. आणि आठवण हे पेटीत ठेवलेलं चित्र नव्हे. ती दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना बदलते. जी आठवण सगळ्यात जास्त वेळा काढली, तीच सगळ्यात जास्त बदललेली असू शकते.

हे चित्रात आणायला कॉमिक्सइतकं सोयीचं माध्यम नाही. एकच जुना प्रसंग तीन अंकांत तीनदा काढा. पहिल्यांदा बहिणीची ओढणी निळी, दुसऱ्यांदा हिरवी. पहिल्यांदा तिने उजवा हात धरलेला, तिसऱ्यांदा डावा. कुठेही खुलासा करू नका, आणि चित्रकाराला लेखी कळवा की हा बदल हेतुपुरस्सर आहे, नाहीतर तो किंवा संपादक ‘चूक’ दुरुस्त करून टाकेल. आईचा चेहरा मात्र कधीच काढू नका. छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत जगापुढे आली 1839 मध्ये. त्याआधीचे चेहरे जपून ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं. आई दर वेळी पाठमोरी, किंवा चौकटीच्या कडेने कापलेली.

कौशल्यांचंही असंच करा. तीन कौशल्यं आज धारदार, चार गंजलेली, बाकी गेलेली. हाताला बसलेल्या गोष्टी, जसं पोहणं किंवा घोड्यावर बसणं, बरीच टिकतात. न बोललेली भाषा आणि पाठ केलेली माहिती लवकर निसटते. बारा भाषा अस्खलित बोलणारी नायिका खोटी वाटते. सहाशे वर्षांपूर्वीच्या भाषेतलं एकच अंगाईगीत आठवणारी, आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विसरलेली, खरी वाटते.

पायरी 4 : तिला काय दिसतं ते ठरवा

सगळ्या लेखात ही पायरी मोलाची आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या बरोबर लावतो, नवशिक्या मोजक्याच लावतो. पण सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या की निष्णाताचं वर्चस्व जवळजवळ नाहीसं होतं. त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती, त्याला ओळखीचे आकृतिबंध दिसत होते. गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की अनुभवी प्रमुख सहसा पर्यायांची तुलना करत बसत नाहीत. परिस्थिती ओळखीची वाटते आणि पहिलाच सुचलेला मार्ग बहुधा चालतो.

यातून दोन नियम निघतात. एक, नायिका माणसांच्या बाबतीत झटकन बरोबर ओळखेल. लोभ, भीती, जमाव, वेढा, उपासमार, फितुरी हे तिने इतक्यांदा पाहिलंय की तिला विचार करावा लागत नाही. दोन, जिथे आकृतिबंधच नवा आहे तिथे ती आपल्यासारखीच नवखी. संगणकाचं जाळं, परग्रहावरून आलेला प्राणी, प्रयोगशाळेत घडवलेला रोग यांपुढे तिची नऊशे वर्षं फारशी कामाची नाहीत. उलट आड येतात, कारण ती नव्या गोष्टीला जुन्या ओळखीच्या साच्यात बसवू बघते. ‘ती एवढी शहाणी आहे तर पहिल्याच पानावर सगळं का सोडवत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर इथे मिळतं. खलनायकाच्या योजनेत एक भाग जुना ठेवा, एक भाग खरोखर नवा. जुना ती ओळखते आणि त्या खुशीत नवा तिच्या नजरेतून सुटतो.

आता हे एका पानावर उतरवू. प्रसंग असा: बंदिस्त मैदान, प्रचंड गर्दी, मंचावर खलनायक, स्फोट होणार.

चौकट 1, पानाच्या पूर्ण रुंदीची. मैदान, मंच, खलनायक. तरुण साथीदार मुठी आवळून तिकडे बघतोय. नायिका मात्र विरुद्ध दिशेला बघते आहे. संवाद नाही.

चौकट 2, लहान. बाहेर जायचं एकमेव फाटक. पल्ले आत उघडणारे. संवाद नाही.

चौकट 3, लहान. फाटकापाशी खांद्याला खांदा भिडलेला, एका माणसाचा हात वर अडकलेला, खाली घ्यायला जागाच नाही.

चौकट 4. साथीदार: “तो तिकडे आहे! निघालीस कुठे?”

चौकट 5. नायिका फाटकाची बिजागरी उखडताना. “आधी दार.”

चौकट 6, पूर्ण रुंदीची. धूर, धावणारी गर्दी, दोन्ही पल्ले जमिनीवर आडवे, माणसं वाहत्या पाण्यासारखी बाहेर पडताहेत. शब्द नाही.

एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं दाटली की गर्दी द्रवासारखी वागू लागते आणि माणसं चेंगरून, श्वास कोंडून मरतात. आत उघडणारं दार अशा वेळी उघडताच येत नाही. स्फोटाइतकाच धोका या दाराचा आहे, हे तिला कळलं. का कळलं ते या पानावर सांगू नका. चौकट 2 आणि 3 मध्ये वाचकाने तिच्या डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं पुरे. पायरी 2 मधल्या कागदावर अशाच एखाद्या दारापाशी ती काय हरली होती ते लिहिलेलं असेलच. ते तीन अंकांनंतर, कुणी विचारलं तर, एका वाक्यात येऊ द्या.

हे तंत्र थोडक्यात: नजरेची चौकट, मग तपशिलाच्या दोन मूक चौकटी, मग कृती. तपशिलाच्या चौकटी तीन झाल्या की पानाची गती मरते. एकच ठेवली तर ती योगायोग वाटते.

पायरी 5 : बोलणं

जुना माणूस म्हणून जुनाट भाषा देऊ नका. ज्ञानेश्वरी 1290 मधली, आणि आज ती टीपांशिवाय वाचणं बहुतेकांना जड जातं. नायिका त्याहूनही आधी जन्मली. ती जन्मभाषेत बोलली तर कुणालाच काही कळणार नाही. म्हणजे आजची भाषा ती आपल्यासारखीच शिकली आहे, पुन्हा पुन्हा. ‘हे मूढ मानवा’ वगैरे तिच्या तोंडी शोभत नाही. फार तर तिचे शब्द तीस-चाळीस वर्षं मागे असावेत: मोबाइलला सहज ‘फोन लाव’ऐवजी ‘ट्रंककॉल’ म्हणून जाते आणि समोरच्याला कळत नाही. जन्मभाषा बाहेर यावी ती तीनच वेळी: मनातल्या मनात मोजताना, अचानक दुखलं तर, आणि लहान मूल झोपवताना.

मराठीत आपल्याकडे एक हत्यार आहे जे वापरायचं बरेच जण विसरतात, ते म्हणजे तू आणि तुम्ही. सत्तरीचा म्हातारा तिला ‘बाळ’ म्हणतो. ती त्याला ‘अहो आजोबा’ म्हणते, कारण तसं म्हणायला ती शिकली आहे. पण संकटाच्या क्षणी तिच्या तोंडून निसटतं, “घाबरू नको रे पोरा.” एका ‘रे पोरा’ने जे होतं ते तीन पानांच्या फ्लॅशबॅकने होत नाही. साथीदार तिला सुरुवातीला ‘तू’ म्हणतो, कारण ती त्याच्याच वयाची दिसते. कोणत्या अंकात तो ‘तुम्ही’वर येतो, आणि कोणत्या अंकात पुन्हा ‘तू’वर, हे आधीच ठरवून ठेवा.

संवादाचा कस असा लावा. कच्चा मसुदा:

“मी साम्राज्यं उगवताना आणि मावळताना पाहिली आहेत. तुझा गर्वही काळाच्या उदरात गडप होईल.”

सुधारलेला:

“तुझ्या पहारेकऱ्यांना पगार मिळून किती महिने झाले?”

दुसऱ्या वाक्यात साम्राज्य कसं कोसळतं याचं ज्ञान आहे, प्रश्न आहे, आणि पहारेकऱ्यांच्या चेहऱ्यांची पुढची चौकट आपोआप तयार आहे. सुविचार वाटेल असं वाक्य बावीस पानांच्या अंकात जास्तीत जास्त एक. संवादाच्या एका फुग्यात वीस शब्दांपर्यंत, पानावर एकूण दीडशेच्या आत. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. रोमन लिपीसाठी आखलेल्या फुग्यात मराठी मजकूर कोंबला की मात्रा एकमेकींत अडकतात.

पायरी 6 : वाट बघण्याची किंमत दाखवा

अमर माणसाचं खरं नैतिक संकट इथे आहे. हुकूमशहा साठ वर्षांचा आहे. नायिकेला ठाऊक आहे की असे लोक मरतात आणि त्यांची मुलं आपसांत भांडतात. थांबलं तर रक्त कमी सांडेल. तिचं म्हणणं चूक नाही.

साथीदार: “म्हणजे तीस वर्षं थांबायचं?”

नायिका: “तीसच तर आहेत.”

इथे एक मूक चौकट द्या, फक्त साथीदाराचा चेहरा. तो आज तिशीचा आहे. त्या ‘च’मध्ये त्याचं उरलेलं तारुण्य जातंय. तिचा सल्ला शहाणपणाचा आहे आणि क्रूरही, दोन्ही एकाच वेळी, आणि वाचकाला कुणाची बाजू घ्यावी ते चटकन ठरवता येऊ नये. इथे साथीदाराला मूर्ख ठरवलंत तर सगळा प्रसंग वाया गेला. तिच्या शहाणपणाची वाढ दाखवायची असेल तर पुढच्या एखाद्या अंकात, असाच पेच आल्यावर, ती उत्तर देण्याआधी विचारते, “तुझ्याकडे किती वेळ आहे?”

याची दुसरी बाजूही ठेवा. सगळं पाहून झालंय म्हणून कंटाळलेला, कडवट अमर नायक फार वेळा काढून झाला आहे, आणि तो खराही वाटत नाही. नऊशे वर्षांत खरोखर काही बदललंच नाही का? तिने शेकडो वर्षं देवीच्या साथीत माणसं गमावली. 1796 मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी लस टोचली आणि 1980 मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. नऊशे वर्षांच्या बाईला हे केवढं वाटलं असेल! लसीकरणाच्या रांगेपाशी ती उगाच थबकते, रडणाऱ्या बाळाकडे बघून हसते. अशी एक चौकट तिच्या डोळ्यांत विस्मय जिवंत असल्याचं सांगते.

पायरी 7 : रेखाटन

चेहरा वय सांगणार नाही, म्हणून अंगाची ठेवण आणि सवयी सांगू द्या. इतर पात्रं चौकटीगणिक हालचाल करत असताना ती स्थिर. लढाईत नवख्याला चार चौकटी लागतात तिथे तिला एक, आणि तीही अर्धं पाऊल बाजूला सरकण्याची. पाठ भिंतीकडे करून बसणं, पायताण झटकून घालणं, दिवा आडोशाला ठेवणं अशा दोन-तीन सवयी निवडा आणि त्याच पाळा. दहा सवयी दिल्या तर एकही लक्षात राहत नाही.

फ्लॅशबॅकसाठी खूण एकच ठरवा: गोल कोपऱ्यांची चौकट, किंवा कडेची रेषच नसणं, किंवा रंगांची मर्यादित पट्टी. दोन खुणा मिसळू नका. एका अंकात फ्लॅशबॅकला दोन पानं पुरतात. इतिहासातल्या नामवंतांशी तिची ओळख दाखवायचा मोह होतोच. सगळ्या मालिकेत एखादी ठेवा, आणि तीही मोठ्या घटनेत नको. त्या माणसाला दाढदुखी होती, एवढंच तिला आठवतं.

पायरी 8 : तपासणी

छपाईआधी दोन चाचण्या करा. पहिली: सगळे फुगे पांढरे करून पानं अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही, आणि विचारा, यातलं सगळ्यात वयस्क कोण? पहिल्या पाच पानांत त्याचं बोट नायिकेवर गेलं नाही तर पायरी 4 आणि 7 कडे परत जा. दुसरी: प्रत्येक प्रसंगात नायिकेच्या जागी पस्तिशीतला हुशार गुप्तहेर कल्पून बघा. प्रसंग जसाच्या तसा घडत असेल, तर तिथे तिची नऊशे वर्षं वापरलीच गेलेली नाहीत. असे सगळे प्रसंग बदलायची गरज नसते, ती कधीकधी नुसती चपळही असू शकते. पण बावीस पानांत किमान तीन ठिकाणं अशी हवीत जिथे गुप्तहेर अडकला असता आणि ती पुढे गेली, आणि किमान एक असं, जिथे गुप्तहेर सुटला असता आणि ती अडकली.